दंडाचे जेवण आणि समेटाची मेजवानी

बालाघाट जिल्ह्यातील उकवा हे गाव मँगनीजच्या खाणीमुळे परिचित आहे. या जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात गोंड व बैगा लोकांची जुनी वस्ती आहे. अशा ठिकाणी पापाविषयी व देवाशी होणाऱ्या समेटाविषयी बोलणाऱ्या प्रचारकाने एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. श्रोत्यांचे मन कोरी पाटी नसते. दोष, दंड आणि पुनर्मीलन यांविषयीच्या कल्पना तेथे आमच्या येण्यापूर्वीच रुजलेल्या असतात.

रसेल व हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा एका प्रथेची नोंद आहे. जातीबाहेर पडलेल्या माणसाला परत घेण्याचे काम पुष्कळ ठिकाणी सोनवानी गोत्राकडे असे. सोने बुडवलेले पाणी शिंपडून शुद्धी होई. मग दोषी माणसाने जातीला जेवण घालावयाचे. त्या पंक्तीत जो पहिला घास घेई, तो दोष आपल्यावर घेतो, अशी समजूत होती. आज ही रीत सर्वत्र तशीच आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्यामागील विचार अद्याप पुसलेला नाही.

या विचारात सुवार्तेला जवळच्या तीन गोष्टी आहेत. पापाने संगती तुटते, आणि ती तुटल्याची खूण म्हणजे पंक्तीतून उठवले जाणे. दोषी स्वतःला शुद्ध करू शकत नाही. आणि त्याचा दोष दुसऱ्या कोणीतरी उचलावा लागतो. ज्याने हे लहानपणापासून पाहिले आहे, त्याला करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायातील शिकवण परकी वाटण्याचे कारण नाही. प्रचारकाने या समजुतीची थट्टा न करता तेथूनच आरंभ करावा.

मात्र तेथेच थांबू नये. कारण भेदही तीनच आहेत, आणि ते मोठे आहेत.

पहिला भेद पापाच्या स्वरूपाचा. जखमेत किडे पडले किंवा चुकून गाय दगावली, तरी माणूस जातीबाहेर पडे. तेथे दोष बाहेरून लागतो. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू सांगतो की, माणसाला विटाळवणारे ते त्याच्या अंतःकरणातून निघते. म्हणून पाणी शिंपडून भागत नाही. अंतःकरणच पालटावे लागते.

दुसरा भेद असा की, तेथे दुखावलेली असते ती जात, आणि पंचांचे समाधान झाले की प्रकरण मिटते. शास्त्राप्रमाणे पाप मुळात देवाविरुद्ध असते. शेजाऱ्यावर केलेला अन्यायही त्याच्याच दारी पोहोचतो.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा: जेवण कोण घालतो? पंचायतीत खर्च दोषी माणसाचा. त्याच्याजवळ पैसा नसेल, तर कर्ज काढून जेवण घालावे, नाही तर बाहेरच राहावे. लूकच्या पंधराव्या अध्यायात परतलेला मुलगा चाकर होऊन राहण्याची भाषा मनात जुळवून येतो. पण मेजवानीचा खर्च बाप करतो. पौल रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात हेच सांगतो. आम्ही शत्रू असतानाच समेट झाला, आणि तो पुत्राच्या मरणाने झाला. ज्याच्याविरुद्ध पाप घडले, त्यानेच मोल भरले.

येथे शब्दांविषयीही सावध असावे. ‘प्रायश्चित्त’ म्हणताच मराठी माणसाला पाप्याने स्वतः करावयाचे कर्म आठवते. मराठी शास्त्रात हा शब्द ख्रिस्ताच्या कार्यासाठी येतो, तेव्हा ते करणारा कोण, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे.

मग अपराध्यावर काहीच जबाबदारी उरत नाही काय? उरते, पण तिचा क्रम पालटतो. जक्कय लुबाडलेले चौपट परत करण्यास सिद्ध झाला, तो प्रभू त्याच्या घरी उतरल्यावर. भरपाई हे कृपेचे फळ आहे, तिची किंमत नव्हे.

ही चूक केवळ श्रोत्यांचीच असते असे नाही. पतन पावलेला सभासद परत येतो, तेव्हा मंडळीची शिस्त त्याला सुधारण्यासाठी असावी. आम्ही जर त्याच्याकडून वर्गणीची थकबाकी, माफीपत्र आणि लोकांपुढे मान खाली घालणे एवढेच मागत राहिलो, तर पंचायतीचा दंडच नव्या नावाने वसूल करीत आहोत. खाणीत रोजावर राबणारा माणूस हे तत्काळ ओळखतो. दंडाची भाषा त्याला आमच्याहून अधिक ठाऊक असते.

म्हणून सेवकबंधूंना आमची विनंती आहे. पुढील प्रभुभोजनाच्या आधी या विषयावर एक पाठ द्यावा, आणि श्रोत्यांना एकच प्रश्न विचारावा: या मेजाचा खर्च कोणी केला? त्याचे उत्तर ज्याला मनापासून कळले, तो स्वतः भीतीवाचून मेजाजवळ येईल, आणि दुसऱ्यालाही जागा करून देईल.