संत्रं, बटाटा आणि लेग पीस
वाशिमला आमच्याकडे चिकन म्हणजे झणझणीत रस्सा, तोही अंगणातल्या चुलीवर. आईच्या स्वयंपाकघरात त्याला नो एन्ट्री! म्हणून दिवाळीनंतर पुण्याहून नेलेला ओटीजी मी ओसरीवरच लावला. मंगरुळपीरची आंबिया बहाराची संत्री घरात होतीच.

ट्रेमध्ये बटाटे, कांदे, गाजरं. वर मीठ-मिरी-लसूण-तेल चोळलेले लेग पीस. २०० डिग्री, पाऊण तास. संत्र्याच्या चकत्या मात्र शेवटच्या १५ मिनिटांतच, नाहीतर साल कडवटपणा सोडते. चिकनची चरबी खाली बटाट्यांत मुरते, खरी मजा तीच!

शाकाहारी आई दारातूनच म्हणाली, ‘‘वास तं बरा येऊन राह्यला. माह्यासाठी नुसत्या बटाट्याचा लाव. पण ट्रे येगळा घे, बाई.’’