दोन उत्तरांतले खरे कोणते?

श्रोतेहो, ४५ अंशाचा टॅन १, हे मुलांना पाठ असते. व्यस्त टॅन उलट विचारतो: टॅन १ असणारा कोन कोणता? असे कोन पुष्कळ, कारण दर १८० अंशांनी तीच किंमत परत येते. म्हणून संकेत असा, की उत्तर उणे ९० आणि अधिक ९० अंशांच्या दरम्यानचेच घ्यायचे.

आता हे समीकरण कागदावर मांडा:

व्यस्त टॅन २क्ष + व्यस्त टॅन ३क्ष = ४५ अंश

दोन्ही बाजूंचा टॅन घेतला, की ५क्ष ÷ (१ − ६क्ष²) = १; म्हणजेच ६क्ष² + ५क्ष − १ = ०. क्षची उत्तरे दोन: १/६ आणि −१.

मुले दोन्ही लिहून मोकळी होतात. पण −१ घालून पाहा बरे! दोन्ही कोन उणे. मग बेरीज अधिक ४५ कशी होईल? ती होते उणे १३५, आणि तिचाही टॅन १च! घड्याळातले सहा सकाळचे की संध्याकाळचे, हे काटे सांगत नाहीत, तसेच हे. १/६ घातले, तर कोन सुमारे १८.४ आणि २६.६ अंश, बेरीज बरोबर ४५.

तेव्हा गुरुजी, इथे ताळा पाहणे म्हणजे नुसती खातरजमा नव्हे. त्यावाचून गणित अर्धेच सुटते, हे मुलांना जरूर पटवून द्या.