तलवारींच्या कड्यातली द्रौपदी

करगा, म्हणजे फुलांनी मढवलेला घट, डोक्यावर घेऊन निघालेल्या पुजाऱ्याला जे सांभाळतात, त्यांच्या हातात नागव्या तलवारी असतात. त्या गर्दीला धाक घालायला नसतात. करगा ढळला तर पहिला वार तो वाहणाऱ्यावरच करायचा, असा दंडक बेंगळुरूच्या जुन्या पेठांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. ती वेळ येऊ नये, यासाठीच उरलेला सगळा खटाटोप.

चैत्र पौर्णिमेला, ऐन उन्हाळ्यात, तिगळरपेठेतल्या धर्मरायस्वामी देवळातून मध्यरात्र उलटल्यावर हा करगा बाहेर पडतो. देऊळ पांडवांचं आहे आणि असं देऊळ सहसा पाहायला मिळत नाही. केंपेगौडाने 1537 मध्ये वसवलेल्या गावाच्या पोटातच ते आहे. आसपास चिक्कपेठ, बळेपेठ, कॉटनपेठ अशी नावं कानावर पडली की पुणेकराला परकं वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. 1638 मध्ये विजापूरकरांनी हे गाव घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं.

या उत्सवामागची कथा थोडक्यात अशी. स्वर्गाच्या वाटेवर द्रौपदी मूर्च्छित होऊन मागे राहिली. शुद्धीवर येते तो समोर तिमिरासुर. तेव्हा तिने वीरकुमारांची फौज निर्माण केली आणि त्यांनी असुराला लोळवलं. मग ते आईला जाऊ देईनात. दर वर्षी काही दिवस परत येईन, असं वचन देऊन तिने त्यांची समजूत काढली. करग्याच्या रूपाने तीच येते.

तिचे हे वीरकुमार म्हणजे तिगळ समाजाचे पुरुष. हा समाज स्वतःला वह्निकुल क्षत्रिय म्हणवतो. मूळचा तमिळ मुलखाकडचा आणि पिढीजात माळीकाम करणारा. शहराला भाजी आणि फुलं पुरवणारे मळे याच लोकांनी राखले. आजचा वीरकुमार वर्षभर रिक्षा चालवत असेल, फुलांच्या गाळ्यावर बसत असेल किंवा एखाद्या ऑफिसात संगणकासमोर असेल. चैत्रात तो दीक्षा घेतो. मांस-मद्य बंद, आचार कडक. मुख्य रात्री धोतर, उघडी छाती, डोक्याला फेटा, हातात तलवार आणि अनवाणी पाय. याची रोजंदारी मिळत नाही. बापाने केलं म्हणून मुलगा करतो, आणि असे वीरकुमार हजारोंनी जमतात.

त्यांचं काम लांबून पाहणाऱ्याला नुसता जल्लोष वाटतं. जवळून पाहिलं तर ती शिस्तीची कवायत आहे. करगा म्हणजे मोगऱ्याने मढवलेला उंच शंकू. त्याच्या आतल्या घटात काय असतं, ते बाहेरच्याला कळत नाही. वाहणारा त्याला हात लावत नाही. तोल फक्त मान आणि कण्यावर. आणि तो संथ चालत नाही, झपाझप जातो, मध्येच नाचल्यासारखा वळतो. त्या वेगाने वीरकुमारांचं कडंही सरकायला हवं. समोरून दर्शनाला रेटणारी माणसं, वरून मोगऱ्याची उधळण, पायाखाली फुलांचा निसरडा चिखल. ‘गोविंदा, गोविंदा’चा गजर चालू असताना तलवारीचं पातं शेजाऱ्याला लागता कामा नये. करग्यापुढे हेच वीरकुमार तलवारी स्वतःच्या छातीवर आपटतात. ती त्यांची ‘अलगु सेवा’. हे एका रात्रीत जमत नाही. पेठांमधल्या ‘गरडी मने’, म्हणजे आपल्याकडच्या तालमी, या अंगमेहनतीच्या जुन्या शाळा. समाजशास्त्रज्ञ स्मृती श्रीनिवास यांनी 2001 साली आलेल्या आपल्या करग्यावरच्या पुस्तकात या तालमी, तळी आणि मळे यांचं नातं बारकाईने मांडलं आहे.

सगळ्यात पडद्याआड असलेलं माणूस मात्र मिरवणुकीत नसतंच. करगा वाहणारा पुजारी स्त्रीवेषात असतो: साडी, बांगड्या, मंगळसूत्र. ते मंगळसूत्र आणि बांगड्या त्याच्या बायकोच्या. उत्सव संपेपर्यंत ती सवाष्णीची लेणी उतरवून दूर राहते, करग्याचं दर्शनही घेत नाही. नंतर नवरा तिला पुन्हा मंगळसूत्र घालतो. वीरकुमाराला निदान तलवार आणि टाळ्या मिळतात. या बाईच्या वाट्याला काय येतं, हे उत्सवाच्या कौतुकात फारसं कोणी विचारत नाही. विचारायला हवं.

बाकी हातभार गल्लीगल्लीत दिसतो. कोणी दारापुढचा रस्ता धुऊन रांगोळी काढतं, कोणी गुळाचं पानक, ताक आणि कोसंबरी वाटतं. पहाटे करगा देवळात परतला की चुरगळलेल्या मोगऱ्याचे ढीग उचलायला झाडूवाल्या बायका येतात. त्यांना दीक्षा नसते, ड्यूटी असते.

अडचण आहे ती पाण्याची. मुख्य रात्रीआधी, त्रयोदशीला, ‘हसी करगा’ म्हणजे कच्च्या मातीचा करगा पाण्याकाठून देवळात आणतात. हे पाणी संपंगी तलावाचं. एके काळी त्याच्या काठाने तिगळांचे मळे होते. 1890 च्या दशकात हेसरघट्टाहून नळाचं पाणी आलं आणि तलावाची गरज संपली असं शहराने ठरवलं. तलाव आटत, बुजत गेला. 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा जिथे झाल्या, ते कंठीरव स्टेडियम त्याच्याच जागेवर उभं आहे. कोपऱ्यात कुंपणातलं एक डबकं उरलं आहे, तेही करग्यासाठी म्हणून. अभ्यासक हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तलावाचं स्टेडियम कसं झालं याचा कागदोपत्री माग काढला आहे. तो वाचताना राग येतो. मळे गेले, तसे माळीही पांगले. लालबागेजवळ सिद्धापुऱ्यात रोपवाटिका आहेत, पण करग्याचा मोगरा आता बाजारातून येतो.

दुसरी अडचण माणसांनी आणलेली. करगा दर वर्षी कॉटनपेठेतल्या तवक्कल मस्तान या सूफी संताच्या दर्ग्यात थांबतो. 2022 मध्ये ही प्रथा बंद करा, अशी मागणी काही संघटनांनी केली. दर्ग्याची माणसं स्वतः देवळात आमंत्रण घेऊन गेली, देवस्थानाने प्रथा मोडली नाही, आणि 16 एप्रिलच्या रात्री निघालेला करगा दर्ग्यात गेला. त्याआधी 2020 आणि 2021 मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे मिरवणूकच निघाली नव्हती. विधी देवळाच्या आवारात मोजक्या लोकांत उरकले. म्हणजे दोन वर्षांच्या खंडानंतर बाहेर पडलेल्या द्रौपदीला पहिल्याच वर्षी हा वाद पाहावा लागला.

आपल्याकडे चैत्र पौर्णिमेला हनुमान जयंती असते. त्या रात्री बेंगळुरूत असाल तर बारापूर्वी धर्मरायस्वामी देवळाजवळ पोहोचा, चपला घरीच ठेवा आणि वीरकुमारांच्या वाटेतून बाजूला राहा. दुसऱ्या दिवशी उजेडात कंठीरव स्टेडियमच्या कोपऱ्यातलं ते डबकंही पाहून या.