मोबाईलमधले मैदान कोणाचे?

आंबिवली स्टेशनला उतरून मोहन्याच्या रस्त्याला लागले की चाळींची वस्ती सुरू होते. इथल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे रेयॉन कंपनीत राबली. २००९ साली कंपनी बंद पडली आणि घरे कशीबशी सावरत पुढे निघाली. अशाच एका घरातली ही गोष्ट. आजोबा कंपनीतले निवृत्त कामगार. नात आठवीत शिकणारी, हुशार. अभ्यास झाला की तिला अर्धा तास आईचा मोबाईल मिळतो.

त्या मोबाईलवर ती एक खेळ खेळते. शाळेतली आणि वस्तीतली वीस-पंचवीस मुले मिळून पडद्यावर एक गाव वसवतात. प्रत्येकाचे वेगळे घर, वेगळे शेत. मधोमध सगळ्यांसाठी एक मोकळे मैदान. गाव खोटे, पण बांधणारी मुले खरी. यालाच आभासी जग म्हणतात.

एका संध्याकाळी नात कोपऱ्यात तोंड लपवून रडत बसली. आजोबांनी जवळ घेतले, विचारले.

"आबा, मी मैदानावर स्तूप बांधला होता. निळा झेंडा लावला होता. दोन मुलांनी तो तोडला. आधी माझं आडनाव विचारलं. मग म्हणाले, तुमचं इथं काय काम? आणि मला गावातून काढूनच टाकलं."

आजोबांच्या मस्तकात तिडीक गेली. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात अनेकदा ऐकला होता. तो आता नातीच्या हातातल्या खेळात शिरला होता. पण म्हातारा युनियनमध्ये तयार झालेला. दोन्ही बाजू विचारल्याशिवाय बोलायचे नाही, ही सवय.

"मैदान केवढं होतं, बाळा? आणि तुझा स्तूप केवढा?"

नात गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मैदान जवळजवळ भरलं होतं. तिथं त्यांची क्रिकेटची खेळपट्टी होती, ती मी काढली."

"त्यांना विचारून?"

"नाही."

दोन चुका, दोन तराजू

वाचकहो, इथेच थांबून विचार करण्यासारखे आहे. या भांडणात दोन चुका आहेत. सगळ्यांची जागा नातीने एकटीने व्यापली, ही एक. आडनाव विचारून तिला हाकलले, ही दुसरी. पुष्कळ वेळा शेजारीपाजारी म्हणतात, "दोघांचंही चुकलं, सोडून द्या." हा न्याय नव्हे. पहिली चूक वापराची आहे. ती माफी मागून, जागा मोकळी करून सुधारता येते. दुसरी चूक हक्काची आहे. कोणी जास्त जागा घेतली तर तिला जागा कमी करायला सांगावे, पण तिचा जन्म विचारून तिला दाराबाहेर काढण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही.

आणि याची उलट बाजूही खरी आहे. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपण मोडलेली खेळपट्टी आपोआप न्याय्य ठरत नाही.

महाडने काय शिकविले?

सार्वजनिक म्हणजे काय, हा धडा आपल्या समाजाने पुस्तकातून नव्हे, महाडच्या पाण्यातून शिकला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा तो ठराव. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर तळे खुले झाले, पण कोणाची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर चालत गेली, तेव्हा कुठे त्या ठरावात जीव आला.

पुढे प्रकरण कोर्टात गेले. विरोधकांनी मांडलेली बाजू आजच्या गोष्टीशी जुळते. तळे सार्वजनिक नाहीच, ते आमचे खासगी आहे, आणि तुम्हाला दूर ठेवण्याची वहिवाट जुनी आहे, असे त्यांचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी ते फेटाळले. म्हणजे एका ओंजळ पाण्याचा निकाल लागायला दहा वर्षे गेली.

"हे आमचं आहे, तुमचं काय काम?" हे वाक्य किती जुने आहे, ते यावरून ध्यानी यावे.

कंपनीची जमीन, लोकांची वस्ती

आता कोणी म्हणेल, तळे नगरपालिकेचे होते, मोबाईलमधले मैदान तर कंपनीचे. बरोबर आहे. आभासी जगातली इंचभर जागाही खेळणाऱ्याच्या मालकीची नसते. ती कंपनीच्या संगणकावर असते आणि कंपनीच्या अटींवर चालते. पण संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आजच्या कलम १५ वर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे सांगितले होते. ठरलेल्या अटींवर जो आपली सेवा लोकांना देऊ करतो, तोही त्यांनी त्या शब्दात धरला. जागा खासगी आहे एवढे म्हटल्याने माणुसकीचा प्रश्न संपत नाही, ही त्यामागची दृष्टी.

परदेशात आभासी गावे वसविणाऱ्यांनाही हा प्रश्न लवकरच भेटला. १९८६ साली अमेरिकेत लुकासफिल्म कंपनीने 'हॅबिटॅट' नावाचे गाव सुरू केले. घरातले छोटे संगणक टेलिफोनच्या तारेने जोडून माणसे त्यात वावरत. लगेच लुटालूट सुरू झाली. हा गुन्हा मानायचा की खेळ, यावर रहिवाशांतच दोन तट पडले. शेवटी तोड निघाली. गावाच्या हद्दीत चोरी आणि हत्यार बंद, बाहेरच्या रानात मोकळीक. पुढे रहिवाशांनी मतदान करून आपला कोतवालही निवडला.

'लॅम्डामू' या दुसऱ्या जगात सारे व्यवहार अक्षरांत चालत. १९९३ साली तिथल्या सर्वांच्या दिवाणखान्यात एका इसमाने इतरांच्या पात्रांशी अतिशय घाणेरडे वर्तन केले. माणसे दुखावली, कारण अपमान अक्षरांतला असला तरी झोंबतो खराच. त्यानंतर तिथे रहिवाशांनी अर्ज करायचे आणि त्यावर मतदान घ्यायचे, अशी पद्धत सुरू झाली.

२००३ साली सुरू झालेल्या 'सेकंड लाइफ'मध्ये कोणीही येऊन बांधकाम करून पाहावे अशा सार्वजनिक जागा आहेत. जमिनीच्या प्रत्येक तुकड्यावर किती वस्तू मावतील याला तिथे मर्यादा असते. एकाने सारे भरले तर दुसऱ्याला वीटही ठेवता येत नाही. म्हणून अशा जागांवर सोडलेल्या वस्तू ठरावीक वेळेनंतर आपोआप मालकाकडे परत जातात. चाळीच्या नळाचा हाच नियम नाही का? पाणी तासभर येते. एकीने सहा पिंप भरले तर मागच्या तिघींच्या कळशा रिकाम्या जातात. जग आभासी असो वा आंबिवलीचे, वाटणीचे गणित एकच.

लोकलचा दरवाजा

मुलांना दोष देण्याआधी मोठ्यांनी स्वतःकडे पाहावे. कसाऱ्याहून, टिटवाळ्याहून भरून आलेली सकाळची गाडी आंबिवलीला थांबते, तेव्हा दरवाजातले टोळके काय करते? रुमाल टाकून सीट कोण अडवते? आपला ग्रुप बसला की बाहेरच्याला "पुढच्या डब्यात जा" कोण सांगते? राखीव नसलेल्या डब्यात शिरणाऱ्या उतारूला अडविणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १५५ प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. हे आपण मुलांना सांगतो का? गाडीच्या दारात दादागिरी करणारा बाप मुलाला मोबाईलमध्ये समता कशी शिकविणार?

जयंतीच्या मंडपाचेही तसेच. आपला मंडप मोठा दिसावा म्हणून रुग्णवाहिकेची वाट अडत असेल, तर तीही नातीच्या स्तूपासारखीच चूक आहे. हेतू चांगला, पण वापर बेहिशेबी.

घरात काय करावे?

१. मूल कोणता खेळ खेळते, कोणाबरोबर खेळते, हे शेजारी बसून पाहा. मोबाईल हिसकावल्याने मूल सांगायचे बंद होते.

२. एकत्र खेळणाऱ्या मुलांना नियम लिहून काढायला सांगा. कोणी किती जागा घ्यावी, किती दिवस ठेवावी, दुसऱ्याचे काही हलवायचे तर कोणाला विचारावे, आणि कोणाला काढायचे तर ते कोण ठरवणार.

३. जात, धर्म, रंग, मुलगा-मुलगी यांवरून कोणाला बोलायचे वा काढायचे नाही, हा नियम पहिला लिहा. खेळात आडनाव सांगायची गरज नाही. मुलांनी पूर्ण नाव, पत्ता, शाळा अनोळखी माणसाला देऊ नये.

४. अपमान झाला तर पडद्याचा फोटो, तारीख आणि वेळ जपून ठेवा. खेळातली तक्रारीची सोय वापरा.

५. मुलांच्या भांडणात उठसूट पोलीस चौकी गाठू नये. पण मोठ्या माणसाने जातीवरून अपमान केला, धमकी दिली, तर गप्प बसू नका. जातिवाचक अपमान इंटरनेटवर झाला तरी तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ साली एका प्रकरणात म्हटले आहे. जाणत्या वकिलाचा सल्ला घ्या. मूल संकटात असेल तर १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक आहे.

पुन्हा मैदानात

आजोबांनी नातीला एक चिठ्ठी लिहायला लावली. तीत दोनच वाक्ये होती. 'तुमची खेळपट्टी मी न विचारता काढली, ती मी परत बांधून देईन. पण माझे आडनाव विचारून मला काढले, ते चुकले, आणि ते तुम्ही सर्वांसमोर मान्य करावे.' आई त्या दोन मुलांच्या घरी गेली, आयांशी बोलली. आवाज चढविला नाही, पण मुद्दाही सोडला नाही. एका घरी चहा झाला. दुसऱ्या घरी दार अर्धेच उघडले.

आठ दिवसांनी नात गावात परत आली. खेळपट्टी तिने स्वतः बांधली. ज्याच्या घरी चहा झाला, त्या मुलाने चूक कबूल केली. दुसरा अजून तिच्याशी बोलत नाही. मैदानाच्या एका कडेला लहानसा स्तूप उभा आहे, निळ्या झेंड्यासह. शेजारी पाटीवर मुलांनी मिळून लिहिलेले नियम आहेत. आडनाव न विचारण्याचा नियम पहिला आहे.

"आबा, आता स्तूप लहान झाला," नात म्हणाली.

आजोबा म्हणाले, "लहान झाला तरी चालेल, बाळा. तो आता सगळ्यांना विचारून उभा आहे. त्याला हलवायचं तर आता त्यांनाही विचारावं लागेल."