उसाच्या मिलचा संथ फेरा

साखर कारखान्यातली मिल म्हणजे तीन अवजड रोलरांची मांडणी. वर एक, खाली दोन, आणि वरच्या रोलरवर हायड्रॉलिकचा शेकडो टनांचा दाब. गव्हाणीतून आलेला ऊस आधी कटर आणि फायबरायझरखाली जातो. तिथे त्याचा भुगा होतो आणि मग तो एकामागून एक मिलमधून पिळला जात शेवटी चिपाड होऊन बॉयलरकडे निघतो. रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो. मिलचा खरा धोका या संथपणातच आहे. वेगाने फिरणाऱ्या यंत्रापासून माणूस आपोआप दूर राहतो, मिलपाशी मात्र तो निर्धास्त उभा राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोल्यात अशी मिल आली ती प्रवरा नदीच्या पाण्यामुळे. भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झाले, त्याच नदीच्या खालच्या अंगाला प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला, आणि पुढे अकोल्यात अगस्ती सहकारी साखर कारखाना उभा राहिला.

मिलची तपासणी हंगाम संपल्यावर होते. सहकारी कारखान्यांत ऐन पावसाळ्याच्या सुमारास रोलर पूजन होते, त्याच्या आगेमागे सगळी मिल उकललेली असते. रोलरच्या शाफ्टला आतून तडा गेला आहे का, हे अल्ट्रासॉनिक चाचणीने पाहतात. बेअरिंगची झीज मोजतात, ट्रॅश प्लेट आणि स्क्रेपर नव्याने बसवतात. रोलर उचलणाऱ्या क्रेनची आणि साखळ्यांची तपासणी 1948 च्या कारखाना कायद्याप्रमाणे सक्षम व्यक्तीकडून वर्षातून किमान एकदा व्हावीच लागे. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी 2020 ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली, तरी मिलहाउसची शिस्त जुन्या कायद्यानेच घडवलेली आहे.

त्या जुन्या कायद्याचे कलम 21 फिरत्या भागांना भक्कम आडोसा मागत असे. कलम 22 अधिक बारकाईचे होते. यंत्र चालू असतानाच पाहणी किंवा तेलपाणी करावे लागले, तर ते फक्त खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगाराने करायचे. त्याचे नाव नोंदवहीत असावे लागे आणि अंगात कारखान्याने दिलेले घट्ट कपडे असावे लागत. गळ्यातला पंचा किंवा सैल बाही रोलरच्या फटीत गेली की माणूस आत ओढला जातो, आणि तो अवजड फेरा हाताच्या बळावर थांबत नाही.

या नियमाची खरी कसोटी लागते ती रोलरच्या आर्किंगला. उसाने घासून रोलरचे दात गुळगुळीत होतात, ऊस घसरू लागतो आणि गाळप मंदावते. म्हणून वेल्डर फिरत्या रोलरच्या दातांवर इलेक्ट्रोडने वितळलेल्या धातूचे बारीक थेंब सोडत जातो, म्हणजे रोलरला पुन्हा पकड येते. हे कौशल्याचे काम आहे. हात स्थिर लागतो आणि थेंब दाताच्या नेमक्या जागी पडावा लागतो. पण भोवती रस आणि पाणी उडत असते, पायाखालची फळी ओली असते, हातात वीज असते आणि समोर फिरता रोलर. आता इलेक्ट्रोड सरकवणारी स्वयंचलित उपकरणे मिळतात. ती बसवली की माणूस रोलरपासून लांब राहतो, त्यामुळे हा खर्च कारखान्याने इतर खर्चांच्या आधी करावा असा आहे.

दुसरी जोखीम चोकअपची. चुटमध्ये ऊस अडकला की मागची सगळी रांग थांबते, गव्हाणीबाहेर गाड्या ताटकळतात आणि पहारीने ढोसून वाट मोकळी करण्याचा मोह होतो. योग्य रीत वेगळी आहे. आधी मिल थांबवायची, इलेक्ट्रिक विभागाकडून वीज तोडल्याची खात्री, म्हणजे लाइन क्लिअर, घ्यायची, स्विचला कुलूप लावून किल्ली आत उतरणाऱ्याच्याच खिशात द्यायची. एवढ्यानेही काम संपत नाही. वीज तोडली तरी हायड्रॉलिकच्या अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये नायट्रोजनचा दाब साठलेला असतो आणि तो वरच्या रोलरला खाली रेटत राहतो. तो दाब सोडून गेज शून्यावर आल्याशिवाय कोणीही रोलरांमध्ये हात घालू नये.