तासाभराचे व्याख्यान, मिनिटभराची चित्रफीत

कापसाच्या हंगामात आमच्या विभागातर्फे यूट्यूबवरून शेतकऱ्यांशी थेट संवाद साधला जातो. कार्यक्रम साधारण तासाभराचा असतो आणि त्यातील शेवटची वीस मिनिटे प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलेली असतात. तो थेट पाहणारे मोजकेच. त्यातून कापून काढलेल्या मिनिटभराच्या चित्रफिती मात्र व्हॉट्सॲपच्या गटांतून गावोगाव फिरतात. या चित्रफिती तयार करण्याचे काम काही काळ नोएडातील एका निर्मितीगृहाकडे सोपविलेले होते.

जुलैच्या अखेरीस एके सकाळी विदर्भातील एका कृषी सहाय्यकांचा फोन आला. "मॅडम, कपाशी चाळीस दिवसांची आहे. पायरेथ्रॉइड आत्ताच मारायचं का? इथे एकाने बाटली आणूनसुद्धा ठेवली आहे. तुमचाच व्हिडिओ दाखवतो आहे." मी तसे कधीच सांगितले नसल्याचे ठामपणे म्हणाले. त्यांनी ती चित्रफीत मला पाठविली. तिच्यात माझाच चेहरा आणि माझाच आवाज होता : "पहिल्या साठ दिवसांत सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके वापरू." चित्रफीत तेथेच संपत होती.

मूळ ध्वनिमुद्रण काढून ऐकले. 'वापरू' या शब्दानंतर मी क्षणभर थांबले होते आणि मग जोर देऊन 'नका' म्हटले होते. पुढे कारणही सांगितले होते : हंगामाच्या सुरुवातीला पायरेथ्रॉइड फवारल्यास मित्रकीटक मरतात व पांढऱ्या माशीचा उद्रेक होतो. व्याख्यात्याने परिणामासाठी घेतलेला तो विराम संपादकाला वाक्याचा शेवट वाटला होता.

पुढच्या आठवड्यात दिल्लीला बैठक होती, तेव्हा वेळ काढून नोएडाला गेले. सेक्टर १६-ए मधील फिल्म सिटी वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओंमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्या वाहिन्यांत तयार झालेले अनेक संपादक आता अशा लहानमोठ्या निर्मितीगृहांत काम करतात. आमच्या चित्रफिती करणारा तरुणही त्यांपैकीच एक. लांबलचक भाषणातून वीस सेकंदांचा 'बाइट' उचलण्यात त्याचा हात बसलेला. मराठी त्याला येत नव्हते. पडद्यावरील ध्वनिलहरींचा आलेख पाहून, जेथे लहर सपाट होते तेथे वाक्य संपले असे धरून तो कापत होता. मी रागावूनच गेले होते. पण त्याच्या शेजारी तासभर बसल्यावर राग ओसरला. हिंदीत निषेध क्रियापदाच्या आधी येतो, 'इस्तेमाल न करें', 'मत मिलाइए'. क्रियापद ऐकू येईपर्यंत 'न' किंवा 'मत' येऊन गेलेला असतो. त्याच्या कानांना तीच सवय. मराठीत 'नका' क्रियापदाच्या मागून येतो आणि तो गळला तरी उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या शाबूत राहते. 'मिसळू नका' याचे 'मिसळू' होते, 'फवारू नका' याचे 'फवारू'. ऐकणाऱ्याला वाटते, शास्त्रज्ञ 'आपण फवारू' असेच म्हणत आहेत. वाक्य मोडले असते तर कोणाला तरी शंका आली असती.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. प्रसिद्धीपूर्वी चित्रफीत तपासण्याची जबाबदारी माझी होती आणि त्या आठवड्यात मी ती फोनवर, आवाज बंद ठेवून, केवळ चित्रे पाहून मंजूर केली होती.

वाक्याच्या दुसऱ्या टोकालाही असाच धोका असतो. मराठीत अट बहुधा आधी येते आणि कृती नंतर. "कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री प्रत्येकी ८ पतंग आले किंवा २० हिरवी बोंडे फोडून पाहिल्यावर २ बोंडांत जिवंत अळी आढळली, तरच फवारणीचा निर्णय घ्या." छोट्या चित्रफितीची सुरुवात ठसकेबाज असावी, पहिल्या तीन सेकंदांत पाहणाऱ्याला धरून ठेवावे, असे संपादक मानतात आणि त्यांच्या धंद्यात ते खरेही आहे. त्यामुळे लांब वाटणारा पूर्वार्ध जातो आणि "फवारणीचा निर्णय घ्या" एवढेच उरते. गुलाबी बोंडअळीच्या व्यवस्थापनाचा सारा गाभा त्या पूर्वार्धात आहे. आर्थिक नुकसानीची पातळी म्हणजे तोच. तो गाळून उरलेली सूचना कीटकनाशकाच्या जाहिरातीपेक्षा वेगळी राहत नाही.

मात्रेच्या बाबतीत तर मी आता कोणतीच सवलत देत नाही. आपल्याकडील शिफारशी बहुधा १० लिटर पाण्यासाठीच्या असतात आणि शेवटी एक ओळ असते : ही मात्रा साध्या पंपासाठी असून पेट्रोल पंपासाठी ती तिप्पट करावी. ही ओळ गळली तर पेट्रोल पंपवाल्याची फवारणी वाया जाते. ती अर्धवट राहून केवळ 'तिप्पट' ऐकू आले, तर साध्या पंपात तिप्पट विष पडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हा व्हिडिओ कारण नव्हते. अनेक कीटकनाशकांची मिश्रणे, संरक्षक कपड्यांचा अभाव, उंच वाढलेली कपाशी अशी कारणे पुढे आली. परंतु फवारणीविषयीच्या चुकीच्या एका वाक्याची किंमत किती असू शकते, हे त्या हंगामाने दाखवून दिले. म्हणून मात्रा सांगणारी चित्रफीत करायचीच झाली, तर औषधाचे शास्त्रीय नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण, पंपाचा प्रकार व काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी या गोष्टी पडद्यावर अंकांत लिहिलेल्या हव्यात. एवढे मावत नसेल तर मात्रा सांगूच नये, मूळ व्याख्यानाचा दुवा द्यावा.

चित्राची गोष्ट निराळी, पण तितकीच फसवी. थेट प्रक्षेपण आडव्या चौकटीत होते, छोटी चित्रफीत उभी असते. १९२० × १०८० बिंदूंच्या आडव्या चित्रातून पूर्ण उंचीचा ९:१६ तुकडा घेतला तर रुंदीतील जेमतेम ६०७ बिंदू उरतात, म्हणजे दोन तृतीयांश चित्र बाहेर जाते. आजची सॉफ्टवेअर बोलणाऱ्याचा चेहरा शोधून त्याभोवती चौकट आपोआप फिरवितात. आमच्या एका चित्रफितीत मी डावीकडे गुलाबी आणि उजवीकडे हिरवी बोंडअळी दाखवून दोहोंतील फरक सांगत होते. चौकटीत संपूर्ण वेळ मी होते, अळी एकही नव्हती! कीटकशास्त्राच्या चित्रफितीत शास्त्रज्ञाचा चेहरा पाच सेकंद पुरे. शिवाय प्रक्षेपणात चित्राची गुणवत्ता घसरते. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावरील उलटा 'वाय' आणि शेपटीकडील चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके त्यात पुसट होऊन जातात. आवाज मूळ व्याख्यानातला ठेवून त्यावर मूळ छायाचित्र बसवावे आणि ते किमान चार सेकंद स्थिर ठेवावे. गुलाबी बोंडअळीचे लहान वयातील पांढुरके रूपही आवर्जून दाखवावे, कारण कोवळ्या बोंडात गुलाबी रंगच शोधणारा शेतकरी 'अळी नाही' असे म्हणून बोंड फेकून देतो.

प्रश्नोत्तरांचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. उत्तम चित्रफिती तेथूनच निघतात. शेतकरी स्वतःच्या शब्दांत विचारतो, 'डोमकळी तोडून बांधावर टाकली तर चालेल का?' आणि उत्तर देताना शास्त्रज्ञाचीही भाषा सुधारते. (चालत नाही. डोमकळी अळीसह नष्ट करावी लागते.) मात्र अनेक जण प्रश्नासोबत नाव, गाव, मोबाइल क्रमांक लिहितात. पडद्यावर दिसणारा तो मजकूर झाकल्याशिवाय चित्रफीत बाहेर जाऊ देऊ नये. प्रश्न आपण पुन्हा वाचून दाखवावा, म्हणजे तो स्वतंत्रपणे वापरता येतो.

नोएडाहून परतताना एक विचार मनात होता. २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले ते याच परिसरात, दिल्लीभोवतालच्या ८० गावांसाठी. गावातील एका संचासमोर लोक एकत्र बसून संपूर्ण कार्यक्रम पाहत आणि मग त्यावर बोलत. अर्धवट ऐकलेले दुसरा कोणी पुरे करीत असे. आज चित्रफीत एकेका हातात एकेकटी पोहोचते.

आता आमचे काम असे चालते. व्याख्यान सुरू असताना एक सहकारी वहीत मिनिटे टिपून ठेवतो. कुठून कुठपर्यंत कापायचे ते संपादक ठरवीत नाही, तो आम्ही दिलेल्या वेळा पाळतो. प्रत्येक तुकड्याची मराठी संहिता त्याच्याकडे जाते आणि तिच्यात 'नका', 'नाही', 'नये', 'तरच', 'पर्यंत', 'आधी' हे शब्द तांबड्या रंगात असतात. त्याने त्यांची चिठ्ठी संगणकाच्या कडेला चिकटविली आहे. लिपी देवनागरीच असल्याने ते शब्द त्याला वाचता येतात. चित्रफितीच्या वरच्या कडेला पीक, पिकाचे वय व प्रक्षेपणाची तारीख शेवटपर्यंत दिसत राहते, कारण सप्टेंबरचा सल्ला पुढील जुलैत फिरू लागतो. यूट्यूबने २०२४ च्या ऑक्टोबरपासून 'शॉर्ट्स'ची मर्यादा ६० सेकंदांवरून ३ मिनिटांपर्यंत वाढविली, त्यामुळे अट गाळण्याची सबबही आता उरलेली नाही. व्याख्याता म्हणून मीही बदलले आहे : 'नका' आधी थांबत नाही आणि निषेधाचे वाक्य दोनदा उच्चारते.

त्या शेतकऱ्याने बाटली परत केली की सप्टेंबरनंतरसाठी ठेवून दिली, हे मला कळले नाही. चुकीची चित्रफीत आम्ही त्याच दिवशी वाहिनीवरून काढली, दुरुस्त केलेली चढविली आणि ज्या गटांत ती आम्ही पाठविली होती तेथे खुलासा दिला. पुढे पाठविल्या गेलेल्या प्रती मात्र परत घेता येत नाहीत. यंदाच्या जूनमध्ये मराठवाड्यातून एका शेतकऱ्याने तीच चित्रफीत मला पाठवून विचारले, "ताई, हे खरंच तुम्ही म्हणाला आहात का?" ती कोणत्याही वाचकाच्या गटात आढळली, तर कृपया तिच्याखाली दुरुस्त चित्रफितीचा दुवा टाकावा आणि आम्हाला कळवावे.