उरलेलें अन्न आणि कांचेचीं भांडीं



घरांतलीं माणसें मोजून आणि माप धरून स्वयंपाक केला, तरी रात्रीं वाटीभर आमटी, डावभर भाजी आणि दोन मुठी भात उरतोच. पाहुणा येणार म्हणून आणखी वाटीभर तांदूळ वैरावे आणि तो यावयाचा नाहीं, हाही अनुभव घरोघर आहे. अन्न टाकूं नये, हा आपल्याकडचा जुना संस्कार. शिळें खाऊं नये, हा तितकाच जुना. फोडणीचा भात म्हणजे ह्या दोन संस्कारांनीं आपसांत केलेला तह होय. हा तह सुखानें टिकावयाचा, तर मधली रात्र अन्नानें कोणत्या भांड्यांत आणि कशी काढली, ह्याला महत्त्व येतें. आजच्या भाषणांत त्या भांड्याचा, आणि त्यांतही कांचेच्या भांड्याचा, विचार करावयाचा आहे.

कांचच कां? पितळेच्या पातेल्याची कल्हई उडाली कीं त्यांतलें ताक किंवा चिंचेची आमटी कळकते, हें आपल्या आज्यांना ठाऊक होतें. म्हणून त्या आंबट पदार्थ चिनी मातीच्या भांड्यांत काढीत. ॲल्युमिनियमलाही आंबट सोसत नाहीं. प्लॅस्टिकच्या डब्याला हळदीचा डाग पडतो तो जात नाहीं, लसणीचा वास राहतो, आणि घांसून घांसून पडलेल्या चऱ्यांत मळ बसतो. स्टेनलेस स्टील चांगलें. त्याला नांव ठेवण्यास जागा नाहीं. परंतु तें मायक्रोवेव्हमध्यें चालत नाहीं, आणि आंत काय आहे हें झांकण उघडल्यावांचून कळत नाहीं. चांगली कांच अन्नाला कांहीं देत नाहीं आणि अन्नाकडून कांहीं घेत नाहीं. शिवाय ती पारदर्शक आहे, आणि हा गुण वाटतो त्याहून मोठा आहे. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यांत गेलेला स्टीलचा डबा पांचव्या दिवशीं सांपडतो. कांचेंतली भाजी दुसऱ्या दिवशींच डोळ्यांपुढें येते आणि संपते.

कांचेचा मोठा दोष एकच: ती फुटते. म्हणून कांचेचें भांडें निवडणें म्हणजे तें कशानें फुटेल आणि फुटल्यावर काय होईल, ह्याचा आधीं विचार करणें. पडून फुटणें सर्वांना समजतें. न पडतां फुटणें मात्र समजावून घ्यावें लागतें. वस्तु तापली कीं फुगते. कांच उष्णता फार सावकाश वाहून नेते. त्यामुळें थंड कांचेंत उकळती आमटी ओतली कीं आंतली बाजू तत्काळ फुगूं पाहते, आणि अजून थंड असलेली बाहेरची बाजू तिला फुगूं देत नाहीं. ह्या ओढाताणींत कांच तडकते. कंदिलाच्या तापलेल्या कांचेवर पाण्याचा थेंब पडला कीं काय होतें, हें ज्यांच्या घरीं ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील होते त्यांना सांगावयास नको.

ह्यावरचा उपाय दिव्यांच्या आणि शास्त्रीय उपकरणांच्या कांचेंतूनच निघाला. साधी कांच वाळू, सोडा आणि चुना ह्यांची बनते. जर्मनींतील येना गांवीं ऑटो शॉट ह्या रसायनशास्त्रज्ञानें सन १८८४ सालीं सहकाऱ्यांसह कांचेची प्रयोगशाळा काढली आणि टांकणखारांत असणारें बोरॉन कांचेंत मिसळून पाहिलें. ह्या कांचेस बोरोसिलिकेट म्हणतात. साध्या कांचेची एक मीटर लांब पट्टी १०० अंश सेल्सिअसनें तापविली, तर ती सुमारें ०.९ मिलिमीटर वाढते. बोरोसिलिकेटची पट्टी वाढते सुमारें ०.३३ मिलिमीटर. फुगणेंच तिपटीनें कमी, तर ओढाताणही त्या मानानें कमी. अमेरिकेंत कॉर्निंग कंपनीनें अशाच प्रकारची कांच रेल्वेच्या कंदिलांसाठीं केली, कारण तापलेल्या कंदिलावर पाऊस पडला कीं कांच तडके. सन १९१३ सालीं तेथील एक शास्त्रज्ञ जेसी लिटलटन ह्यांनीं बॅटरीच्या कांचेच्या बरणीचा बूड कापून घरीं नेला, आणि त्यांच्या पत्नी बेसी ह्यांनीं त्यांत केक भाजून दाखविला. दोनच वर्षांनीं, सन १९१५ सालीं, पायरेक्स ह्या नांवानें स्वयंपाकाचीं भांडीं बाजारांत आलीं. आपल्याकडे सन १९६२ सालीं त्याच कॉर्निंगच्या सहकार्यानें बोरोसिल कंपनी निघाली, आणि प्रयोगशाळेंतील ही कांच हळूहळू आपल्या स्वयंपाकघरांत आली.

बाजारांत दुसरीही एक जात मिळते. तिला टेंपर्ड कांच म्हणतात. ती मूळची साधीच कांच; परंतु तापवून हवेच्या झोतानें एकदम निववितात. बाहेरचा थर आधीं घट्ट होतो. आंतला मागाहून आवळतो आणि बाहेरच्या थराला दाबून धरतो. चीर पडावयास ओढ लागते. दाबलेल्या थरांत ती सहजासहजीं पडत नाहीं. म्हणून ही कांच धक्क्याला चांगली टिकते. पण खोल चरा आंतल्या थरापर्यंत पोहोंचला, तर ती एका क्षणांत बारीक बारीक तुकडे होऊन विखुरते, आणि कधीं कधीं कारण घडून गेल्यावर पुष्कळ वेळानें विखुरते. बोरोसिलिकेटचे तुकडे मोठे व धारदार होतात.

मग घ्यावें कोणतें? भांडें फ्रिजमधून निघून ओव्हनमध्यें किंवा मायक्रोवेव्हमध्यें जावयाचें असेल, तर बोरोसिलिकेट घ्यावें. केवळ फ्रिजमध्यें ठेवावयाचें, आणि घरांत हातांतून वस्तु सोडणारीं लहान मुलें असतील, तर टेंपर्ड चालेल. नांवावर मात्र विसंबूं नये. पायरेक्स हें नांव मूळ बोरोसिलिकेटचें असलें, तरी अमेरिकेंत पुढें त्याच नांवानें टेंपर्ड साधी कांच विकली जाऊं लागली. म्हणून भांड्याच्या बुडाशीं किंवा खोक्यावर काय लिहिलें आहे तें वाचावें. ‘मायक्रोवेव्हमध्यें चालेल’ ह्याचा अर्थ ‘ओव्हनमध्यें चालेल’ असा होत नाहीं. आणि ह्यांपैकीं कोणतेंही भांडें गॅसच्या ज्योतीवर ठेवावयाचें नसतें. मुरंब्याच्या किंवा जॅमच्या रिकाम्या बरण्या कोरड्या चटणीला उत्तम; कढत आमटीला नव्हेत. आणि दिवाणखान्यांतील नक्षीदार, जड, लखलखीत क्रिस्टलच्या भांड्यांत आंबट पदार्थ ठेवूं नये. जुन्या पद्धतीच्या क्रिस्टलमध्यें शिसें असतें आणि तें आंबटांत उतरतें.

आतां झांकण. पुष्कळजण भांडें पारखून घेतात आणि झांकणाकडे पाहतही नाहींत. वास्तविक कांच वर्षानुवर्षें टिकते, आधीं जातें तें झांकण. बहुतेक झांकणें प्लॅस्टिकचीं असतात. चारी बाजूंस खटके असतात आणि आंत, कुकरला असते तशी, सिलिकोनची रिंग असते. ही रिंग काढून धुतां येते कीं नाहीं, हें दुकानांतच पाहावें. न निघणाऱ्या रिंगेच्या खांचेंत तेल आणि मसाला सांचतो आणि तेथें बुरशी धरते. खटके दोन-चारदां लावून पाहावे. भांड्यांत पाणी घालून तें उपडें केल्यास थेंबही गळूं नये. एवढें असूनही झांकण हवाबंद आहे म्हणजे अन्न नासणार नाहीं, अशी समजूत करून घेऊं नये. झांकणानें बाहेरची धूळ आणि शेजारच्या कांद्याचा वास थांबतो. आंत आधींच असलेले जंतु थांबत नाहींत. त्यांना थांबवितो तो केवळ गारठा.

ह्या गारठ्यामुळेंच भांड्याचा आकार महत्त्वाचा होतो. सुमारें ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतु झपाट्यानें वाढतात. फ्रिज ५ अंशांच्या आंत असला, तरी खोल भांड्यांत गच्च भरलेल्या भाताच्या मध्यभागाला तेथें पोहोंचण्यास फार वेळ लागतो. घट्ट पदार्थाच्या थराची जाडी दुप्पट केली, तर निवण्याचा वेळ दुप्पट होत नाहीं, सुमारें चौपट होतो. म्हणून उंच बरणीपेक्षां पसरट भांडें घ्यावें, आणि थर दोन इंचांहून जाड होऊं देऊं नये. मोठ्या एका भांड्यापेक्षां लहान दोन बरीं. एक उघडलें तरी दुसऱ्याला हात लागत नाहीं.

भाताविषयीं विशेष सांगितलें पाहिजे, कारण आपल्या घरांत तो रोजचा आहे आणि त्याचा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. बॅसिलस सिरियस नांवाच्या जंतूंचीं बीजें तांदुळांत असतात आणि तीं भात शिजतांना मरत नाहींत. भात ओट्यावर कोमट राहिला कीं तीं रुजतात, आणि त्यांतील कांहीं जंतु एक विष तयार करतात. हें विष पुन्हां तापविल्यानें, किंबहुना कडकडीत फोडणी दिल्यानेंही, नाहींसें होत नाहीं. भाताला वास येत नाहीं, चव बदलत नाहीं, आणि खाणाऱ्याला मात्र कांहीं तासांत उलट्या सुरू होतात. लहान मुलें आणि म्हातारीं माणसें ह्यांना त्याचा त्रास अधिक. तेव्हां रात्रीचा भात सकाळपर्यंत ओट्यावर झांकून ठेवून मग उत्तम कांचेच्या भांड्यांत भरला, तर त्या भांड्याचा कांहींएक उपयोग नाहीं.

करावयाचें तें असें. जेवणें आटोपतांच उरलेला भात परातींत पसरावा. धातु उष्णता लवकर घेते, त्यामुळें तो चटकन निवतो. वाफ गेली कीं तो कांचेच्या भांड्यांत भरून फ्रिजमध्यें ठेवावा. शिजल्यापासून दोन तासांच्या आंत, आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उकाड्यांत एका तासाच्या आंत, हें काम व्हावें. भात दुसऱ्या दिवशीं संपवावा. आमटी-भाजी तीन दिवसांपलीकडे ठेवूं नये. बर्फाच्या कप्प्यांत ठेवावयाचें असेल, तर भांडें काठोकाठ भरूं नये, कारण पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. तेथून काढलेलें भांडें थेट ओव्हनमध्यें घालूं नये. कांच बोरोसिलिकेट असली तरी आदल्या रात्रीं तें फ्रिजच्या खालच्या कप्प्यांत उतरवून ठेवावें. मायक्रोवेव्हमध्यें तापवितांना खटके उघडावे, म्हणजे वाफेला वाट मिळते. मधें एकदां ढवळावें आणि पदार्थ सर्वत्र वाफाळेपर्यंत तापवावा. तापलेलें भांडें ओल्या ओट्यावर टेकूं नये. खालीं कोरडें फडकें घालावें. तारेच्या घासणीनें कांच घांसूं नये, आणि काठाचा टवका उडालेलें किंवा खोल चरा पडलेलें भांडें, कितीही जीव असला तरी, अन्नाच्या कामांतून काढून टाकावें.

चार माणसांच्या घरास अर्ध्या लिटरचीं दोन आणि पाव ते तीनशें मिलिलिटरचीं तीन भांडीं पुरतात. तीं एकाच घराण्याचीं घ्यावीं, म्हणजे झांकणें अदलाबदलीनें बसतात आणि रिकामीं भांडीं एकांत एक राहतात. चौकोनी भांडीं फ्रिजमध्यें जागा कमी अडवितात. तीं घेतांना आंतले कोपरे गोलसर आहेत ना, हें बोट फिरवून पाहावें, म्हणजे घांसतांना कांहीं अडून राहत नाहीं. झांकणावर कागदाची चिकटपट्टी लावून तारीख घालण्याची संवय घरांतील सर्वांनीं लावून घ्यावी. हें काम एकट्या गृहिणीवर टाकूं नये. एवढें पाळलें, तर सकाळीं कढईंत मोहरी तडतडतांना भाताकडे शंकेनें पाहण्याचें कारण राहणार नाहीं.